गिबनला झूमध्ये ठेवणं बंद करावं का?

रानओढ
झूमध्ये गिबनसमोर, म्हणजे त्या लांब हातांच्या बिनशेपटीच्या वानरासमोर, कायम गर्दी असते, तो झुलतो, लोक मोबाइल काढतात, पोरं खूश. मला ते बघवत नाही, का ते सांगते.

रानात हा प्राणी जमिनीवर जवळजवळ उतरतच नाही. शेंड्याशेंड्यांतून हातांवर झोके घेत जातो, वेग ताशी ५० किमीच्या पुढे जाऊ शकतो, मनगटाचा सांधाच असा आहे की फांदी धरलेली असतानाच अंग गर्रकन वळतं. नर, मादी आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब, आणि त्यांचा स्वतःचा इलाखा, वीस-तीस हेक्टर, कधी त्याहून मोठा. तो इलाखा ते गाऊन राखतात. सकाळी मादीची तान चढत जाते, नर मध्येमध्ये साथ देतो, आणि किलोमीटरभर लांबच्या शेजाऱ्यांना कळतं की इथे आम्ही आहोत. पिंजऱ्यात ना इलाखा ना शेजारी, मग ते गाणं कोणाला ऐकवायचं?

झूमुळे जात वाचते असं म्हणणाऱ्यांनी हैनान गिबन बघावा. जगात फक्त चीनच्या हैनान बेटावर, बावांगलिंगच्या जंगलात राहतो. १९७० च्या दशकात दहाच्या आत आले होते, आता चाळीसच्या वर गेलेत. हा गिबन जगातल्या एकाही झूमध्ये नाही. शिकार थांबवली, जंगल राखलं, आणि ते आपसूक वाढले.

पिंपळपान
सपशेल असहमत.

हैनानचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. चाळीस-बेचाळीस जीव, सगळे एकाच जंगलात, उद्या एखादी साथ आली की जात संपली, कारण बाहेर एकही जोडी नाही. आणि आपसूक वगैरे नाही हो, २०१४ च्या वादळात दरड कोसळून त्यांची जायची वाटच तुटली होती, तेव्हा माणसांनी तिथे दोर बांधले. जवळजवळ सहा महिने गिबनांनी त्या दोरांना हात लावला नाही, मग एकेक करून जायला लागले.

आता दुसरी बाजू बघा. उत्तरेकडचा पांढऱ्या गालांचा गिबन चीनच्या रानातून गेला, लाओस-व्हिएतनाममध्ये थोडे उरलेत. पण झूंमध्ये बरेच आहेत आणि त्यांना पिल्लंही होतात. जावाच्या चंदेरी गिबनांपैकी काही इंग्लंडच्या हाउलेट्स झूमधून परत जावाला पाठवले गेले. झू बंद असते तर पाठवायला काय होतं?

आणि रान म्हणजे स्वर्ग हे डोक्यातून काढा. १९३७ मध्ये थायलंडमध्ये एक संशोधन मोहीम झाली, तिथल्या गिबनांच्या सांगाड्यांमध्ये साधारण प्रत्येक तिसऱ्यात कधीतरी मोडून सांधलेलं हाड होतं. म्हणजे एवढे पटाईत असूनही पडतात. झूमध्ये चाळीशी ओलांडलेले गिबन आहेत.

रानओढ
@पिंपळपान, ती हाडं *सांधलेली* होती ना? म्हणजे मोडल्यावरही ते जगले, वर चढले, खाल्लं. मला त्यातून जनावराची ताकद दिसते, पिंजऱ्याची गरज नाही दिसत. नुसतं वय मोजून जगणं मोजता येत नाही.

आणि जावाला पाठवले हे खरंय पण विमानातून उतरवलं की काम झालं असं नसतं. आधी जोडी जमायला लागते, रानातलं खाणं ओळखायला लागतं, मग सोडायला असं जंगल लागतं जिथे दुसऱ्या कुटुंबाचा ताबा नाही. जगभरच्या झूंमधल्या गिबनांपैकी किती जण त्या वाटेला लागतात? शिवाय पूर्वी कितीतरी ठिकाणी वेगवेगळ्या जातींचे नर-मादी एकत्र ठेवले, संकर झाले, ती पिल्लं जात वाचवायला उपयोगाची नाहीत. ती जन्मभर दाखवण्यापुरतीच.

धुकं_आणि_पाऊस
तुम्ही दोघंही झू आणि रेस्क्यू सेंटर एकाच पिशवीत टाकताय. पिल्लू पकडायचं म्हणजे आधी आईला गोळी घालतात, कारण पिल्लू तिच्या पोटाला घट्ट चिकटलेलं असतं, वरून पडताना तेही बऱ्याचदा मरतं. जे वाचतं ते विकलं जातं. थायलंडमध्ये फुकेत बेटावरचे गिबन शिकारीने संपले आणि नंतर तिथेच बारमध्ये, बीचवर टुरिस्टांच्या फोटोसाठी पिल्लं फिरवायचे. १९९२ पासून तिथे एक प्रकल्प असे गिबन घेऊन त्यांची कुटुंबं जुळवतो आणि परत रानात सोडतो. पण माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेला गिबन पुष्कळदा माणसालाच आपला समजतो, गिबनशी जोडी करत नाही. त्याला कुठे सोडणार? त्याला पिंजरा लागणारच, आयुष्यभर.

म्हणून सरसकट बंदी नको. दाखवण्यासाठी नवीन पिल्लं जन्माला घालणं मात्र थांबवा.

पिंपळपान
नवीन पिल्लं थांबवली की तीस-चाळीस वर्षांत सगळे म्हातारे होऊन संपणार. मादीला दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू होतं, हे काय सशासारखं आहे का की लागेल तेव्हा वाढवू.

ओली_माती
जपानमधली मोमो आठवली. नागासाकीच्या झूमध्ये एकटी ठेवलेली पांढऱ्या हातांची मादी, २०२१ मध्ये तिला पिल्लू झालं, आणि कसं ते झूलाच कळेना. २०२३ मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं की बाप शेजारच्या भागातला नर, मधल्या पत्र्याला साधारण ९ मिलिमीटरचं भोक होतं. लोक या बातमीवर हसले. मला हसू नाही आलं, जोडीने राहणाऱ्या प्राण्याला एकटं ठेवलं की तो काय काय करेल याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

पिंपळपान
आणि त्यानंतर झूने त्यांना एकत्र ठेवायचं ठरवलं, हेही सांगा ना. चूक सुधारता येते. चांगलं झू आणि वाईट झू असा फरक आहे, माझा मुद्दा एवढाच आहे.

शेंडा
आसाममधल्या हुलॉक गिबनबद्दल कोणीच कसं बोललं नाही? जोरहाटजवळचं होल्लोंगापार अभयारण्य १९९७ चं, जेमतेम २१ चौरस किमी, चहूबाजूंनी चहाचे मळे, आणि मधून रेल्वेलाइन जाते. रुळांवर दोन्हीकडची झाडं एकमेकांना भिडत नाहीत, गिबन जमिनीवर उतरत नाहीत, झालं, लाइनच्या अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. वर्षानुवर्षं आपापसातच जोड्या. आता रुळांवरून दोरीचे पूल टाकायची योजना आहे, आणि खरा उपाय म्हणजे दोन्हीकडे झाडं वाढू देणं, तो सगळ्यात स्वस्तही आहे. एका झूच्या नव्या काचेच्या एन्क्लोजरला जेवढा पैसा लागतो तेवढ्यात असले किती तुकडे जोडता येतील. पिंजऱ्यातल्या गिबनला दुसऱ्या देशात नेता येतं हो, पण तुटलेल्या जंगलात सोडून तो जाणार कुठे?

रानओढ
@शेंडा +१. हेच म्हणायचं होतं मला.

पिंपळपान
@शेंडा, झाडं वाढवाच, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. पण झाड मोठं व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि तोवर त्या छोट्या तुकड्यातलं कुटुंब संपलं तर तिथे आणायला गिबन कुठून येणार, हे कोणीतरी सांगा.