टाचांच्या भेगा: वजरी रोज घासावी का?

अबोली_ :
दर थंडीत टाचा फुटतात, यंदा जरा जास्तच. रोज आंघोळीला वजरीने खसाखसा घासते, वर व्हॅसलीन. दोन दिवस मऊ, मग पुन्हा जैसे थे. उलट कातडी आणखी जाड झालीय. सासूबाई म्हणतात भिरंडेल लाव, पार्लरवाली म्हणते ब्लेडने काढून घे. कोणाचं ऐकू?

तुषार_क :
ब्लेडच्या नादी लागू नका.

शमी :
रोज घासताय म्हणूनच जाड होतेय. त्वचेच्या तळच्या थरात पेशी सतत विभागत असतात. वर सरकता सरकता त्या केराटिन नावाच्या कडक प्रथिनाने भरतात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी गळतात. या सगळ्याला साधारण चार ते सहा आठवडे, वयानुसार आणखी. घासणं, दाब वाढला की विभाजन जोर धरतं. कुदळ धरणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात ते यामुळेच.

दुसरं म्हणजे गळणं. वरच्या मृत पेशी प्रथिनांच्या दुव्यांनी एकमेकींना चिकटलेल्या असतात. ते दुवे तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) पाणी लागतं. थंडीत थर सुकला की पेशी सुटत नाहीत, नुसत्या साचतात. त्यात तळपायाला तैलग्रंथी नाहीतच! असा कडक थर चालताना ताणला की चिरतो.

वजरी आठवड्यातून दोनदा, तीही हलक्या हाताने. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, टिपून ओलसर असतानाच युरियाचं क्रीम (आधी १० टक्के, फारच जाड असेल तर २५), वर सुती मोजे. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र थांबा, भयंकर झोंबतं.

माडाचीवाडी :
सासूबाईंना मोडीत काढू नका हो. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, थंडीत दगडासारखं घट्ट. आमची आई पळीत वितळवून, कोमट झालं की कापसाने भेगेत भरायची.

शमी :
भराच. ते आतलं पाणी उडू देत नाही, पण साचलेला थर सैल करत नाही. म्हणून आधी युरिया.

तुषार_क :
मधुमेह असेल तर वजरीसुद्धा नको, थेट डॉक्टर. एकाच पायाला असेल, खाज असेल तरी दाखवा. बुरशी किंवा सोरायसिस असू शकतो.

अबोली_ :
मधुमेह नाही, दोन्ही पायांना आहे. क्रीम मागवलं. घरात चप्पल कसली घालू?

शमी :
मागून बंद असलेली. उघड्या चपलेत टाच वजनाने बाहेर पसरते आणि भेग उकलते.