टॉप प्लेट पितळेची की अ‍ॅल्युमिनियमची?

रेंजफाइंडर_पुणे:
जर्मन कंपनी लायकाने जानेवारी 2022 मध्ये एम11 हा कॅमेरा आणला. चंदेरी मॉडेलची टॉप प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याचं वरचं झाकण, पितळेची ठेवली, काळ्याची अ‍ॅल्युमिनियमची केली. बॅटरीसकट वजन चंदेरीचं 640 ग्रॅम, काळ्याचं 530. सेन्सर, शटर, व्ह्यूफाइंडर सगळं तेच. तरी तेव्हापासून एकच सूर ऐकतोय: काळ्यात कंपनीने काटकसर केली, 'खरा' लायका पितळेचाच.

मला हे अजिबात पटत नाही. पितळेची घनता साधारण 8.5, अ‍ॅल्युमिनियमची 2.7. टॉप प्लेटवर काही कॅमेऱ्याचा भार नसतो. लेन्स जिथे बसते तो माउंट आणि सेन्सर यांच्यातलं अंतर राखायचं काम आतल्या सांगाड्याचं. मग दिवसभर गळ्यात 110 ग्रॅम जादा कशासाठी वागवायचे? हातात जड लागलं की माल दणकट, ही समजूत आता सोडायला हवी.

जुना_शटर:
वजनाचं मान्य, बाकी नाही. पितळेवर पोचा आला तर हाताला सवय असलेला कारागीर तो आतून हलके ठोकत वर आणतो, मग पुन्हा क्रोम किंवा रंग चढवता येतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे कॅमेरे आज नव्यासारखे होतात ते यामुळेच. आजच्या मशीनिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टॉप प्लेटवर असं ठोकाठोकीचं काम करायला कुणी धजावत नाही. सरळ नवा भाग मागवा म्हणतात, आणि वीस वर्षांनी तो मिळेलच याची हमी कोण देणार?

शिवाय हलका धातू वापरून काय होतं ते आपण पाहिलंय. लायकाच्याच 1984 च्या एम6 या फिल्म कॅमेऱ्याची टॉप प्लेट जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर आज मुलाम्याखाली बारीक फोड दिसतात. बोट फिरवलं की कळतात. खालचा धातूच खराब झालेला, त्यामुळे वरून कितीही घासा, जात नाहीत. 2022 मध्ये एम6 पुन्हा आला तो पितळेची टॉप प्लेट घेऊन.

रेंजफाइंडर_पुणे:
जस्ताचं पाप अ‍ॅल्युमिनियमच्या माथी का मारता? आणि जस्त काही हलकं नव्हे, घनता 7 च्या आसपास. दुरुस्तीचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो मी खोडत नाही.

खराद_मशीन:
पितळेची खरी जागा लेन्समध्ये आहे, आणि त्यावर कुणी बोलतच नाही. फोकस रिंग फिरवली की आत हेलिकॉइडचे, म्हणजे लेन्स पुढे-मागे करणाऱ्या स्क्रूसारख्या नळ्यांचे, आटे एकमेकांवर सरकतात. दोन्ही बाजू एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या असतील आणि ग्रीस सुकलं, तर आटे एकमेकांना धरतात, खरवडतात, रिंग जाम होते. एक बाजू पितळेची ठेवली की ही अडचण बरीच टळते. जुन्या चांगल्या लेन्सची रिंग अजून लोण्यासारखी फिरते ती या जोडीमुळे. माउंटही क्रोम चढवलेल्या पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा हवा, कारण तिथे रोज धातूवर धातू घासतो. बाहेरचं नळकांडं खुशाल अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचं असू दे. अ‍ॅनोडायझिंगचा थर विजेच्या प्रक्रियेने त्या धातूतूनच तयार होतो, त्यामुळे रंगासारखे पापुद्रे सुटत नाहीत.

कोकण_क्लिक:
सुटत नाहीत, पण ओरखडा खोल गेला की समुद्राकाठी तिथे पांढरी भुकटी धरते. पितळ हिरवट पडतं, पण पुसता येतं.

रेंजफाइंडर_पुणे:
खराद_मशीनशी शंभर टक्के सहमत. पितळ जिथे काम करतं तिथे जरूर घाला. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. 2015 मध्ये लायकाने अमेरिकन रॉक गायक लेनी क्रॅविट्झबरोबर 'करस्पाँडंट' नावाचे 125 कॅमेरा-संच काढले, त्यांचा काळा रंग कारखान्यातच हाताने झिजवून खालचं पितळ दाखवलं होतं. वापराच्या खुणाही विकत घ्यायच्या? रंग उडणं हे फिनिशचं अपयश आहे, त्याचे जादा पैसे कसले मोजायचे?

जुना_शटर:
त्या संचांचं समर्थन मीही करणार नाही. पण स्वतःच्या हाताने कडा झिजल्या तर त्यात अपयश कसलं? रंग गेला तरी खालचं पितळ शाबूत असतं, कॅमेरा चालत राहतो. धातूचाच वाद घालायचा तर टायटॅनियमचं बोला. 1978 मध्ये जपानी साहसवीर नाओमी उएमुरा कुत्र्यांच्या घसरगाडीने एकटे उत्तर ध्रुवावर गेले, तेव्हा निकॉनने त्यांच्यासाठी एफ2 कॅमेऱ्याला टायटॅनियमचं आवरण दिलं होतं. घनता 4.5, ताकद पोलादाच्या तोडीची. वजन वाचवायचंच होतं तर लायकाने तो धातू घ्यायचा होता. किंमत बघता परवडलाही असता.