म्युनिक–स्लोव्हेनिया–डोलोमाइट्स मोटारप्रवास : मदत हवी आहे

येत्या जूनमध्ये आई-वडिलांसह, म्युनिकहून भाड्याची मोटार घेऊन, साल्झबुर्ग, स्लोव्हेनियातील ब्लेड, व्हेनिस आणि इटलीतील डोलोमाइट्स पर्वतरांगेमार्गे ब्रेनर घाटातून म्युनिकला परतण्याचा सुमारे दोन आठवड्यांचा बेत आहे. गाडी घेतली तेथेच परत केल्यास दुसऱ्या देशात सोडण्याचा भुर्दंड वाचतो, म्हणून मार्ग वर्तुळाकार ठेवला आहे.

साल्झबुर्गहून स्लोव्हेनियाकडे जाताना ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनरचा डोंगरी रस्ता घ्यावा, अशी माझी फार इच्छा आहे. तो २,५०० मीटरपर्यंत चढतो आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गांचे व्हिन्येट (ठरावीक मुदतीचा टोल-पास) असले तरी तेथे वेगळा टोल द्यावा लागतो. पैशांची चिंता नाही. वडिलांना उच्च रक्तदाब असल्याने इतकी उंची आणि सलग वळणे त्यांना झेपतील का, हा प्रश्न आहे. ज्यांनी ज्येष्ठांना घेऊन हा रस्ता केला आहे, त्यांनी अनुभव अवश्य लिहावा.

इटालियन शहरांच्या जुन्या भागांत परवान्याशिवाय गाडी नेल्यास कॅमेरे दंड नोंदवतात, त्यामुळे व्हेनिससाठी मेस्त्रेत (व्हेनिसच्या मुख्य भूमीवरील भागात) गाडी ठेवून रेल्वेने जाणे मला सोयीचे वाटते. आईला फार चालवत नाही, तेव्हा मेस्त्रे स्थानकाजवळचे, लिफ्ट असलेले निवासस्थान कोणी सुचवू शकेल का?

शेंगेन व्हिसासाठी सर्वाधिक मुक्काम असलेल्या देशाकडे अर्ज करावा लागत असल्याने रात्रींची विभागणी लवकर ठरवायची आहे. डोलोमाइट्सला तीन रात्री पुरतील, की ब्लेडची एक रात्र कमी करावी?