ठाणेदार आणि मिशिगनचा तेरावा मतदारसंघ
मिशिगन राज्यातून अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर निवडून गेलेले श्री ठाणेदार (‘श्री’ हे त्यांचं नावच) भारतीयांच्या मतांवर निवडून आले, असं म्हटलं जातं; हे मला पटत नाही. त्यांचा मतदारसंघ वेन काउंटीतला (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा), डेट्रॉइट शहराचा मोठा भाग व्यापणारा. १९५४ साली चार्ल्स डिग्ज इथूनच निवडून आले, मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य. तेव्हापासून डेट्रॉइटचा निदान एक तरी प्रतिनिधी कृष्णवर्णीय असायचाच. ती परंपरा जानेवारी २०२३ मध्ये तुटली.

का तुटली? इथे डेमोक्रॅटिक पक्ष इतका भक्कम आहे की खरी लढत ऑगस्टच्या प्राथमिक निवडणुकीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानातच होते. २०२२ मध्ये नऊ उमेदवार होते, मतं विखुरली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. दुसरी फेरी नसते. त्यात स्वतःचा बक्कळ पैसा प्रचारात ओतलेला. शिवाय जनगणनेनंतर मिशिगनच्या काँग्रेसमधल्या जागा १४ वरून १३ झाल्या आणि स्वतंत्र आयोगाने सीमा नव्याने आखल्या होत्या.

बेळगावात वाढलेला मराठी माणूस तिथवर पोहोचला याचा मला मनापासून अभिमान आहे. पण डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय मतदारांना काय वाटलं असेल, तेही आपण समजून घ्यायला हवं.