मदत हवी आहे : घरी बनवलेल्या सबवूफरच्या पेटीत पाइप किती लांब ठेवू?

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सबवूफरच्या (खालचा, जड आवाज देणारा स्पीकर) १२ इंची ड्रायव्हरसाठी, म्हणजे आवाज काढणाऱ्या मूळ स्पीकरसाठी, १८ मिमी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याची फळी) पेटी ठोकली. आतली मापं ४० × ४२ × ४० सेमी. ड्रायव्हर आणि आडव्या पट्ट्यांची जागा वजा जाता साधारण ६० लिटर उरतात. पोर्टला (पेटीतली हवा आत-बाहेर करणारं भोक) नळवाल्याकडचा ४ इंची पीव्हीसी पाइप, २० सेमी कापून लावला. तिथेच गंडलो बहुतेक, कारण गणित नंतर केलं! या मापाला ट्यूनिंग, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या सुराला घुमते तो, ३९ हर्ट्झच्या आसपास येतंय. मला हवं होतं २८.

आता सिनेमात स्फोट असो की ढोल, सगळ्याला एकच ‘घुम्म’. खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, फर्निचर सरकवताय का म्हणून. पोर्टमध्ये जुना टॉवेल कोंबला तर घुमणं कमी होतं, पण दमही जातो.

२८ साठी याच पाइपची लांबी ४५ सेमी हवी, पेटीची खोली ४० सेमीच. एल्बो (वळणाचा जोड) लावून आत वळवला तर चालतो का? की ३ इंची पाइप घेऊ? तो २०-२३ सेमीतच बसतो, पण मोठ्या आवाजाला हवा फुसफुसेल अशी भीती वाटते.

आणखी एक. खोली १२ फूट लांब आहे, म्हणजे ४७ हर्ट्झला ती स्वतःच घुमणार. मग दोष पेटीचा किती आणि खोलीचा किती, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? मागची फळी फेव्हिकॉलने चिकटवून बसलोय, त्यामुळे जे काही करायचं ते ड्रायव्हरच्या भोकातूनच.