अटिपिया (केंद्रकांचा वेडावाकडेपणा) आहे, पण मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) फक्त ७: स्टम्प (सौम्य की घातक ते अनिश्चित) लिहायचं की लायोमायोसारकोमा (गुळगुळीत स्नायूचा कॅन्सर)?

पॅथ_निवासी
वय ४८, हिस्टरेक्टमी (गर्भाशय काढलं). एकच इंट्राम्युरल (गर्भाशयाच्या भिंतीतली) गाठ, ९ सेंमी. कापल्यावर एका बाजूला फायब्रॉइडचा भोवऱ्यासारखा पोत नाही, तो भाग मऊ आणि पिवळट. ४ ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतकाचे तुकडे) दिले. स्पिंडल (चातीसारख्या लांबट) पेशी, अटिपिया मध्यम ते तीव्र आणि सगळीकडे. १० हाय पॉवर फील्डमध्ये (४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) मायटोसिस ७. नेक्रोसिस (पेशी मेलेला भाग) आहे, पण कोणता ते ठरत नाही. ऑपरेशनआधी रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड चालू होतं. डेस्मिन आणि एच-काल्डेस्मॉन (स्नायूपेशींची प्रथिनं) पॉझिटिव्ह. मायटोसिस १० च्या खाली आहे, तर स्टम्प म्हणून सोडू का?

काच_आणि_मेण
आधी आयपीसवर (मायक्रोस्कोपचं डोळ्याकडचं भिंग) कोरलेला आकडा बघा. १८ आहे की २२?

स्पिंडल प्रकारात लायोमायोसारकोमा म्हणायला तीनपैकी दोन निकष हवेत: पसरलेला मध्यम-तीव्र अटिपिया, ट्यूमर सेल नेक्रोसिस, आणि १० फील्डमध्ये १० किंवा जास्त मायटोसिस. यातला शेवटचा आकडा ०.५५ मिमी व्यासाच्या फील्डचा आहे. म्हणजे १० फील्ड मिळून सुमारे २.४ चौरस मिमी, आणि मर्यादा चौरस मिलिमीटरला ४. ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर २२ चा आयपीस हाच व्यास देतो. १८ चा असेल तर व्यास ०.४५, आणि १० फील्डचं क्षेत्रफळ जेमतेम १.५९. तुमचे ७ भागिले १.५९ म्हणजे ४.४, निकष पूर्ण. तेच ७ जर २२ च्या आयपीसवर मोजले असतील तर २.९, अपुरे.

१८ असेल तर १५ सलग फील्ड मोजा, सर्वांत जास्त मायटोसिस दिसतात तिथून सुरुवात करून. केंद्रकाचं आवरण गेलेलं आणि क्रोमॅटिनच्या कडा केसाळ दिसतात तेच मोजा. आक्रसलेला, गुळगुळीत काळा ठिपका आणि भोवती गुलाबी सायटोप्लाझम म्हणजे मरणारी पेशी, ती सोडा. फार संभ्रम असेल तर पीएचएच३ (मायटोसिस उठून दाखवणारा रंग) लावा.

ऊतकप्रेमी
गणित बरोबर, पण ९ सेंमीला ४ ब्लॉक? नमुन्याच्या बाटलीकडे परत जा. किमान सेंटिमीटरला एक, आणि संशयास्पद भागातून त्याहून जास्त. पिवळट भागाच्या मधोमध कापू नका, तिथे मेलेल्या पेशींशिवाय काही मिळणार नाही. मऊ भाग आणि जिवंत भाग जिथे भेटतात ती कड घ्या.

नेक्रोसिसचा निकालही त्याच कडेवर लागतो. ट्यूमर सेल नेक्रोसिसमध्ये जिवंत भागातून मृत भागात उडी एकदम असते, मध्ये काही नाही. मृत भागात भुतासारख्या पेशींच्या केंद्रकांचा वेडावाकडेपणा अजून ओळखू येतो, आणि रक्तवाहिन्यांभोवती जिवंत पेशींचं कडं उरलेलं असतं. इन्फार्क्टमध्ये (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) मात्र मध्ये हायलिन (काचेसारखं गुलाबी) किंवा ग्रॅन्युलेशन (जखम भरणारं) टिश्यूचा पट्टा असतो, रक्तस्राव असतो. अडचण ताज्या इन्फार्क्टची: तो पट्टा अजून तयार झालेला नसतो. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडमुळे नेमका हाच गोंधळ होतो, म्हणून या केसमध्ये शंकास्पद नेक्रोसिसवर मी भार टाकणार नाही. अटिपिया आणि नीट केलेली मोजणी पुरेशी आहे.

पॅथ_निवासी
आयपीस १८ चाच निघाला! पुन्हा मोजतो. पी१६ आणि पी५३ या प्रथिनांचे रंग मागवू का?

काच_आणि_मेण
मागवा, पण निदान त्यांच्या गळ्यात मारू नका. बिझार न्यूक्लिआयवाल्या (विचित्र केंद्रकांच्या) लायोमायोमातही, म्हणजे सौम्य फायब्रॉइडमध्येही, पी१६ भरभरून लागू शकतो. शिवाय त्यातली तुटलेली केंद्रकं विचित्र मायटोसिससारखी दिसतात आणि आकडा फुगतो, म्हणून पुन्हा मोजताना तेही बघा.

ऊतकप्रेमी
एफएच (फ्युमरेट हायड्रेटेज हे एन्झाइम; त्याचा बिघाड आनुवंशिक असू शकतो) विसरू नका. हरणाच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या रक्तवाहिन्या, ठळक लाल न्यूक्लिओलस, त्याभोवती पांढुरकं वलय दिसलं तर एफएच लावा. रंग टिकला म्हणून निर्धास्त होऊ नका. काही म्युटेशनमध्ये प्रथिन शाबूत असतं, तिथे २एससी (एफएच बिघडल्यावर पेशीत साचणारा बदल दाखवणारा रंग) उपयोगी. आणि कुटुंबात किडनीचा कॅन्सर किंवा कातडीवर लायोमायोमा आहेत का, ते क्लिनिशियनला विचारायला सांगा.

लायोमायोसारकोमा ठरला तर रिपोर्टमध्ये मायटोसिस चौरस मिलिमीटरला किती ते लिहा, आणि गाठ अखंड आली की तुकड्यांत तेही. ५ सेंमीच्या वर आहे. गर्भाशयापुरती मर्यादित असेल तर फिगो २००९ (कॅन्सरच्या टप्प्यांचं वर्गीकरण) प्रमाणे टप्पा आयबी.