लोणारचा गाळ, इनामगावची पडझड आणि आपली दुष्काळाची हौस

उत्खनक:
मध्यंतरी एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्त्यांनी पडद्यावर लोणार सरोवराच्या गाळाचा आलेख दाखवला, त्यातल्या एका लाल पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हाच तो दुष्काळ, ज्यानं जोर्वे संस्कृती संपवली." (जोर्वे म्हणजे तांब्या-दगडाची हत्यारं वापरणारे महाराष्ट्रातले प्राचीन शेतकरी.) टाळ्याही पडल्या. घरी येऊन तारखा ताडून पाहिल्या, तर जमत नाहीत. म्हणून हा धागा.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर उल्कापातानं बेसाल्टात झालेलं, व्यास पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त. पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. जे जातं ते वाफ होऊन. २००८ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तळातून साधारण १० मीटर लांबीचा गाळाचा कोअर, म्हणजे नळीनं उपसलेला उभा नमुना, काढला. त्यात सुमारे ११,००० वर्षांचा गाळ थरावर थर बसलेला आहे. त्यातल्या दोन पट्ट्यांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक मिळाले. सरोवर आटून पाणी अतिशय खारं झालं की हे स्फटिक चिखलात धरतात. पहिला पट्टा ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. २०१४ साली आलेल्या शोधनिबंधात या दोन्हींना दीर्घ अवर्षणं म्हटलं आहे.

आता इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं खणती केली. पूर्व जोर्वे काळ इ.स.पू. १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००. उत्तर काळात ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शेळ्यामेंढ्या वाढल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढता कोरडेपणा असं मांडलं आणि तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकी सत्य झालं.

आजपासून मागे मोजा. ३,००० ते २,७०० वर्षं. म्हणजे लोणारचं पहिलं अवर्षण संपून नऊशे वर्षं उलटली होती आणि दुसरं सुरू व्हायला सातशे बाकी होती. ज्याला साक्षीला बोलावलं तोच उलटला!

दुसऱ्या पट्ट्याची तर आणखी गंमत. इसवी सनाच्या सुरुवातीपासून साधारण १३५० पर्यंत. यात उत्तरकालीन सातवाहन आले, वाकाटक आले, अजिंठ्याची पाचव्या शतकातली लेणी आली, वेरूळचं कैलास आलं, देवगिरीचे यादव आले. खुद्द लोणार गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ यातच. आणि ज्याच्या आठवणी शतकानुशतकं सांगितल्या गेल्या, तो १३९६ च्या सुमाराला सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ? तो पट्टा संपल्यावर!

माझं म्हणणं सरळ आहे. तळं आटणं आणि गाव उपाशी मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाळ पहिली सांगतो. दुसरी सांगायला त्याला लावू नका.

गाळवाचक:
पूर्ण असहमत. वक्त्यांनी तारखा ताडल्या नाहीत, हा वक्त्यांचा दोष झाला. त्याची शिक्षा गाळाला कशाला?

तुम्ही लेख असा लिहिलाय जणू चार स्फटिक दिसले आणि संशोधकांनी अवर्षण जाहीर करून टाकलं. त्याच गाळातून परागकण मोजले गेले, कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांची (हलक्या-जड अणूंची) गुणोत्तरं काढली गेली, पानांवरच्या मेणातले रेणू तपासले गेले. कार्बन डेटिंगसाठी जमिनीवरच्या वनस्पतींचे अवशेष वेचले, कारण अशा खाऱ्या पाण्यात वाढलेल्या शेवाळाचं वय भलतंच जास्त येऊ शकतं. इतकी काळजी खणतीतल्या कोळशाच्या तारखांबाबत नेहमी घेतली जाते का, हे तुम्हीच सांगा.

आता दुर्गादेवी. १० मीटरमध्ये ११,००० वर्षं म्हणजे सरासरी एका सेंटिमीटरला अकरा वर्षं. बारा वर्षांचा दुष्काळ धरला तरी तो कोअरमध्ये नखाएवढा. १९७२ चा तर मिलिमीटरभर. कोअरमधलं 'अवर्षण' म्हणजे शतकांची सरासरी: वाईट वर्षं जास्त वेळा आली, चांगली कमी आली. अशा शतकांतही सलग वीस बरी वर्षं येऊ शकतात आणि वीस वर्षांत एखादा राजा बरंच काही कोरून घेतो. आणि १३५० नंतरच्या ओल्या सरासरीतही एक जीवघेणं दशक बसू शकतं. तुम्ही ज्याला विसंगती म्हणताय ती विसंगती नाहीच.

वऱ्हाडी ठेचा:
म्हणजे सातवाहनांच्या वेळी टँकर नव्हते म्हणून लेणी झाली. टँकरवाले असते तर निविदा निघाल्या असत्या, लेणी नाही. 😄

(चालू द्या. वाचतोय.)

घोडकाठ:
मी त्याच भागातला, म्हणून चार शब्द. इनामगावचं पाणी लोणारच्या आभाळातून येत नाही. घोड नदी उगम पावते भीमाशंकरच्या बाजूला, सह्याद्रीत. तिथला पाऊस आणि आमच्याकडचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक. आमच्याकडे नक्षत्रं कोरडी जातात आणि नदी मात्र दुथडी भरून वाहते, हे आम्ही लहानपणापासून बघतो. पूर्व जोर्वे काळातल्या लोकांनी याच नदीच्या पुराचं पाणी वळवायला बांध आणि कालवा केला होता, तो खणतीत सापडलाय. मुख्य पीक सातू. म्हणजे मामला नदीच्या पाण्याचा होता, पावसाचा नुसता नाही.

लोणार इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर. तिथल्या तळ्याला विचारून इथल्या कालव्याचं काय झालं ते कसं कळणार?

पण उत्खनकांनाही एक विचारतो. तिथे पुरलेल्या लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास झालाय. उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते. उपासमार होती, हे तर हाडंच सांगतात. मग दुष्काळ नव्हता म्हणता, तर ती मुलं कशानं खंगली? तुम्ही एक कारण काढून टाकलंत, दुसरं ठेवलं नाहीत.

उत्खनक:
@घोडकाठ, दुष्काळ नव्हता असं मी म्हटलेलं नाही. लोणारच्या गाळात तो नाही, एवढंच. कारण जमिनीचा कस जाणं असू शकतं, नदीनं पात्र खोल करून घेतल्यामुळे कालवा निकामी होणं असू शकतं. यातलं काहीही मी छातीठोकपणे सांगणार नाही. 'हवामान' हे उत्तर इतकं सोपं पडतं की एकदा मिळालं की बाकीचं कुणी शोधतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

@गाळवाचक, सरासरीचा मुद्दा ठीक. पण मग छत्तीसगडमधल्या दंडक गुहेचं काय करायचं? बस्तरात आहे. तिथल्या लवणस्तंभात (ठिबकत्या पाण्यातला चुना थरावर थर साचून झालेल्या खांबात) साधारण इ.स. ६०० ते १५०० पर्यंतच्या पावसाची नोंद आहे, २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यात चौदाव्या-पंधराव्या शतकात पाऊस चांगलाच घसरलेला दिसतो, दुर्गादेवीच्या काळात तर ठळकपणे. त्याआधीची काही शतकं तुलनेनं बरी. लोणार म्हणतं १३५० पर्यंत कोरडं आणि मग सुधारणा, दंडक म्हणतं आधी बरं आणि मग घसरण. दोघांवरही मोसमी वाराच पाऊस पाडतो. यातलं कुणाचं ऐकायचं?

बारवा बघणारा:
मला वाटतं या भांडणात देवळं आणि बारवा यांना कुणी विचारलंच नाही. लोणारला गेलेल्यांनी कमळजा देवीचं देऊळ पाहिलं असेल. विवराच्या तळाशी, अगदी पाण्याच्या कडेला. मध्ययुगीन आहे. कुठलाही शहाणा स्थपती पाण्यात बुडणाऱ्या जागी देऊळ बांधत नाही. म्हणजे बांधलं तेव्हा पाणी त्या पातळीच्या खालीच राहत असणार, आणि ते अनेक वर्षं तसंच असलेलं लोकांनी पाहिलं असणार. अलीकडे पाणी चढून देवळाला भिडल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. हा दगडी पुरावा लोणारच्या गाळाच्याच बाजूनं जातो.

आणि बारवा. यादवकाळात मराठवाडा-विदर्भात बारवा आणि तलाव किती खोदले गेले बघा. लोणारमध्येच लिंबी बारव आहे. खोल उतरून पाणी गाठायची गरज कुणाला पडते? ज्याची विहीर वरच्यावर भरलेली असते त्याला नाही. उत्खनक म्हणतात एवढी समृद्धी असताना दुष्काळ कसा. मी म्हणतो, दुष्काळाशी दोन हात करता आले म्हणूनच समृद्धी टिकली.

उत्खनक:
बारव बांधायला पैसा, कारागीर आणि पुण्य कमवायची इच्छा लागते. तिन्ही गोष्टी यादवकाळात होत्या. बारवा जास्त म्हणजे पाणी कमी, असं सरळ गणित मांडलंत तर आजच्या बोअरवेलच्या संख्येवरून उद्याचा कुणीतरी म्हणेल की २००० सालानंतर पाऊस पडणंच बंद झालं होतं.

कमळजेचा मुद्दा मात्र भारी आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

गाळवाचक:
दंडकबद्दल. गुहेतला थेंब आणि बंदिस्त तळं या दोन वेगळ्या वह्या आहेत. लवणस्तंभातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं गुणोत्तर प्रामुख्यानं पाऊस किती आणि कुठून आला ते सांगतं. तळं सांगतं आवक वजा बाष्पीभवन. पाऊस तेवढाच राहिला, पण उन्हाळा लांबला किंवा झरे मंदावले, तरी तळं आटेल. शिवाय दोन्हींमध्ये पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि बस्तरातला पाऊस बुलडाण्याच्या कितीतरी पट भरवशाचा. मला वाटतं दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट देतो, कारण ती तुम्ही मांडली नाहीत आणि ती तुमच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार आहे. पहिल्या पट्ट्याच्या काळात विवराच्या आसपास माणसाचा वावर विरळ. दुसऱ्यात गाव, देवळं, गुरं, सरपणासाठी तोड, पुढे खार काढणं, सगळं आलं. उतारावरची झाडी गेली की माती वाहून तळ्यात येते आणि पाण्याचं रसायन बदलतं. त्यामुळे दुसऱ्या पट्ट्यात हवामानाचा हात किती आणि माणसाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पहिल्या पट्ट्यावर माझा जितका विश्वास आहे तितका दुसऱ्यावर नाही.

माळरान:
तुम्ही सगळे राजे आणि लेण्यांत अडकलात. त्याच कोअरमधली सगळ्यात मोठी बातमी तुमच्या धाग्यात आलीच नाही.

२०२१ साली लोणारच्या परागकणांवर एक शोधनिबंध आला. त्याचा निष्कर्ष असा की सुमारे ६,००० वर्षांपासून मोसमी पाऊस मंदावत गेला, तसतशी दख्खनमधली दाट झाडी हटून विरळ झाडांची गवताळ रानं पसरली. गाळातल्या कोळशाच्या कणांवरून वणवे हे त्याचं कारण दिसत नाही, आणि शेतकऱ्यांची कुऱ्हाडही नाही. आपल्याकडे पहिली शेतीची गावं वसली सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी, म्हणजे गवत आलं त्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी. अभ्यासकांचं तर म्हणणं उलटं आहे: रान मोकळं झालं म्हणून शेती आणि वस्ती आली.

याचा आजच्या दिवसाशी थेट संबंध आहे. सासवड, बारामती, दौंड, करमाळा इकडची माळरानं सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून पडलेली असतात. दर पावसाळ्यात कुणीतरी येऊन त्यात खड्डे खणतं आणि गिरिपुष्प लावतं. चिंकारा, लांडगा, माळढोक यांच्या घराला आपण 'उजाड' म्हणतो. मध्ययुगीन मराठी वाङ्मयातले झाडा-गवताचे उल्लेख वेचून २०२५ साली झालेल्या एका अभ्यासानंही हेच दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातली ही रानं किमान साडेसातशे वर्षं अशीच आहेत. उत्खनक म्हणतात गाळावरून कारणं सांगू नका. इथे गाळानं कारण सांगितलं नाही तर उरलेली माळरानं रोपवाटिकेत जातील.

उत्खनक:
माळरानं वाचावीत, यात वाद नाही. पण कोअर आपल्या बाजूनं बोलला की विश्वासार्ह, विरुद्ध बोलला की मर्यादित, असं चालणार नाही. गवताच्या कुळातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखेच दिसतात. ज्वारी, बाजरी, नाचणी की रानगवत, हे त्यावरून ठरवता येत नाही. कार्बनवर जावं तर ज्वारी, बाजरी आणि माळावरचं गवत, तिन्ही सी-४ गटातले, म्हणजे कार्बनची खूण सारखीच सोडणारे. म्हणजे गेल्या तीनेक हजार वर्षांच्या थरांत माळ दिसतोय की शिवार, हे कसं ओळखायचं?

माळरान:
म्हणूनच ६,००० वर्षांपूर्वीचं वळण महत्त्वाचं आहे! तेव्हा इथे ज्वारी-बाजरी आलेलीच नव्हती. ती आफ्रिकेतून आली, फार नंतर. ज्वारीमुळे संभ्रम पडू शकतो तो वरच्या तीनेक मीटरांत. खालच्या सात मीटरांत तो प्रश्नच नाही.

आणि लोणार एकटं नाही. निलगिरीत, उटीच्या आसपासच्या दलदलींतल्या पीटवर १९९३ सालीच काम झालं होतं. कुजलेल्या वनस्पतींचे वीस हजार वर्षांचे थर, त्यातल्या कार्बनवरून गवत आणि झाडी यांचं प्रमाण काढलं. हिमयुगाच्या ऐन कोरड्या काळात तिथे गवताचं राज्य होतं. तेव्हा कुठला शेतकरी जंगल तोडायला गेला होता? तरी इंग्रजांनी आणि नंतर आपण त्या कुरणांवर वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) आणि निलगिरीची झाडं लावलीच.

घोडकाठ:
पीट तुमच्या निलगिरीत, खारं तळं बुलडाण्यात. आमच्या खोऱ्याचा गाळ कुणी बघितलाय? घोडच्या जुन्या पूरमैदानात, इनामगावच्या वरच्या अंगाला, कोअर घ्या. तोवर आमच्या गावच्या मुलांच्या हाडांवर दुसऱ्या जिल्ह्याचं हवामान लादू नका.

गाळवाचक:
नदीच्या पूरमैदानात कोअर घेऊन फारसं हाती लागत नाही. एक मोठा पूर येतो आणि पाचशे वर्षांचा गाळ खरवडून नेतो. परागकणही उघड्यावर कुजतात. कायम पाण्याखाली राहिलेला, न हललेला गाळ लागतो, आणि पठारावर तसं नैसर्गिक तळं लोणारखेरीज जवळपास नाहीच. म्हणून तर सगळे त्याच एका विवराभोवती फिरतायत.

उत्खनक:
एकच साक्षीदार आहे हे तुम्हीच म्हणालात. मग त्याच्या एकट्याच्या शब्दावर पुस्तकातला धडा बदलायचा की नाही?

गाळवाचक:
जुना धडा तर एकाही साक्षीदाराशिवाय लिहिलेला होता.